झाकणावरचा फोन

"देवाला ताटकळत ठेवायचं नसतं," असं म्हणत मावशी पिठाच्या डब्याचं झाकण तळहाताने दाबून बसवायच्या, आणि त्याच क्षणी भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायचे. आधी झाकण लागायचं की आधी पाच वाजायचे, हे मला कधीच समजलं नाही.

डबा चांगला मोठा, स्टीलचा, आणि आत पिठाऐवजी मोबाइल. आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी तरुण संघ भरायचा. आठवी ते बारावीची पोरंपोरी आली की आपापला मोबाइल त्या डब्यात टाकायची आणि मग सतरंजीवर बसायची. मी पेटी वाजवायला असायचो. माझाही मोबाइल डब्यातच जायचा. एकदा मी म्हटलं, "ताई, मी तरुण नाही, मला सूट द्या." त्या म्हणाल्या, "सर, सूट मागणाऱ्याचाच आधी घ्यावा लागतो."

हा संघ चालवणाऱ्या मावशी आठवडाभर एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसायच्या. कुणाचा बाप अतिदक्षता विभागात, कुणाच्या सुनेला कळा सुरू झालेल्या, सगळ्यांचे फोन त्यांच्या कानावरून जायचे. दुसरी रिंग होऊ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. सवय इतकी अंगात मुरली होती की हॉलचं दार वाजलं तरी "हॅलो, बोला" म्हणायच्या. शनिवारी मात्र सांगायच्या, "आठवडाभर माझे कान लोकांचे. आजची संध्याकाळ देवाची."

आता एवढ्यावरून तुम्हाला वाटेल, बाई मोठी शांत, श्रद्धेने भरलेली असणार. छे! इतकं काळजीखोर माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि मी स्वतः काही कमी घाबरट नाही. 'कशाचीही चिंता करू नका' या विषयावर त्या पोरांना शिकवायच्या, आणि शिकवताना ओढणीचं टोक पिळून पिळून त्याची वात करायच्या. कुणाचं पोर रील्सच्या नादी लागलंय, कुणी गंगापूर रोडच्या क्लासच्या टेस्टपायी रविवारची उपासना सोडतंय, कोण अलीकडे गप्प गप्प आहे, सगळं त्यांना दिसायचं आणि सगळ्याचाच घोर लागायचा. घरी पोचल्याचा मेसेज प्रत्येकाने टाकायचा, नाही टाकला तर त्याच्या आईला फोन. मी हसलो की म्हणायच्या, "मी काळजी नाही करत हो सर. नुसतं विचारते."

त्यांचं शिकवणं एका प्रश्नात मावायचं, "आधी कोण?" पेपर हातात आल्यावर आधी कोण? भांडण झाल्यावर, जीभ सुटायच्या आत, आधी कोण? सकाळी डोळे उघडल्यावर आधी कोण, मोबाइल की देव?

"मावशी, मोबाइल," सॅमी म्हणाला होता. "अलार्म त्याच्यातच हाय ना."

सॅमी हा आमच्यातला कायमचा लेटलतीफ. त्याचे वडील पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होते. शनिवारी तोही तिथे खोकी भरायला जायचा आणि मिळेल त्या टेम्पोत बसून नाशिकला यायचा. तो येईपर्यंत पहिलं गीत झालेलं असायचं. मग तो दाराशीच, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहायचा. मावशी त्याच्यासाठी कधी थांबल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. अलार्मचं ते बोलणं झालं त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र त्यांनी मेन रोडवरून सगळ्यांसाठी गजराची घड्याळं आणली, सॅमीच्या उत्तरावर उत्तर म्हणून. त्यातली निम्मी प्रार्थनेच्या मध्येच ठणाणा वाजली. चर्चचे पाळकसाहेब धावत आले, त्यांना वाटलं आग लागली.

हे सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. एका शनिवारपर्यंत.

माझी मुलगी रूथ तेव्हा दहावीत होती. क्लास सुटला की ती सायकलवरून परस्पर हॉलवर यायची. त्या दिवशी पाच वाजले तरी ती आली नव्हती. मावशींनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओढणी पिळली.

"येईल हो, क्लास लांबला असेल," मी म्हणालो.

"देवाला ताटकळत ठेवायचं नसतं," त्या म्हणाल्या, आणि झाकण बसलं.

दुसरं गीत संपून प्रार्थना सुरू झाली तेव्हा डबा गुरगुरायला लागला. मोबाइल व्हायब्रेटवर असले की स्टीलमध्ये तसा आवाज होतो. थांबला. पुन्हा सुरू झाला. सॅमी नुकताच येऊन दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "मावशी, डबा वाजतोय."

"वाजू दे," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "आधी कोण?"

पोरं एका सुरात म्हणाली, "देव." डबा वाजतच राहिला. मला वाटलं, कर्ज हवंय का म्हणून विचारणारी ती नेहमीची मंडळी असतील. मी पेटीवर एक सूर हलकेच धरून ठेवला, म्हणजे डब्याचा आवाज झाकला जाईल.

आमेन झालं, झाकण उघडलं. माझ्या मोबाइलवर रूथचे न उचललेले कॉल, एकाखाली एक. मावशींच्या मोबाइलवर रूथचे कॉल. सॅमीचा मोबाइल त्या दिवशी त्याच्या खिशातच होता, पण चार्जिंग संपून बंद. बायको संगमनेरला माहेरी गेली होती. ती घाबरेल म्हणून रूथने तिला फोन केलाच नव्हता.

उलट फोन मावशींनीच लावला. पलीकडे परकी बाई बोलत होती. "कब से लगा रहे हैं! कोई उठाता ही नहीं. बच्ची पप्पा-पप्पा करती थी, अब तो बोलती भी नहीं." उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं होतं, आणि सायकल त्यावर आदळली होती.

रिक्षात मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. एरवी सिग्नल हिरवा व्हावा म्हणूनसुद्धा प्रार्थना करणारी ही बाई, त्या वाटेत त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मोबाइल दोन्ही हातांत धरून त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता. तो राग मी गिळला असं म्हणणार नाही, बोलायला तोंडात ओल नव्हती एवढंच.

दवाखान्यात बुरखा घातलेली एक बाई बाकावर बसली होती. बाहीवर रक्त वाळलेलं. नवऱ्याच्या रिक्षातून तिनेच रूथला आणलं होतं. रूथला आत तपासायला नेलं होतं, डोक्याला मार होता, हात मोडला होता. डॉक्टरांना पुढचं करायला बाप हवा होता, आणि बाप पेटी वाजवत होता. मी आत गेलो, सह्या केल्या, बाहेर येऊन बसलो. मग नुसतं थांबायचं. त्या वेळेबद्दल मी अजूनही कुणाशी नीट बोलू शकत नाही. दार हललं की मी उठून उभा राहायचो.

मध्येच त्या बाईने घड्याळ बघितलं. मावशींनी विचारलं, "आपकी नमाज का टाइम हुआ ना? आप जाइए."

"कब का निकल गया," ती म्हणाली. "पढ लूँगी घर जाके. पहले बच्ची."

मावशींनी तिचा तो रक्त लागलेला हात हातात घेतला आणि सोडला नाही.

रूथ शुद्धीवर आली. कपाळावर टाके, हाताला प्लास्टर. आम्ही दोघं आत गेलो तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "पप्पा, फोन का नाही उचलला?" मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "माझ्यामुळे. मला ऐकू येत होता, बाळ." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. माझा राग तिथेच संपला, तो शोधूनही पुन्हा सापडला नाही.

मला धास्ती होती की त्या आता तरुण संघ सोडतील. पण पुढच्या शनिवारी त्या आल्या. डबाही आला. सगळ्यांचे मोबाइल आत गेले, झाकण बसलं. मग त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि झाकणावर ठेवला. पाच वाजले. पाच वाजून गेले. मी पेटीवर बोटं ठेवून बसलो होतो.

"ताई, सुरू करायचं ना?"

"सॅमी येऊ दे."

"पण देवाला…"

"थांबेल देव," त्या म्हणाल्या.

एका पोरीने भीत भीत विचारलं, "मावशी, मग आता आधी कोण?" त्यांनी बराच वेळ ओढणी पिळली. "देवच आधी," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी तो रस्त्यावर पडला होता, आणि मी त्याला इथे डोळे मिटून शोधत होते." मग टेम्पोतून उतरलेला सॅमी दारात आला. आपल्यासाठी सगळे थांबलेत हे पाहून तो इतका घाबरला की परत निघाला होता.

तेव्हापासून झाकणावर एक मोबाइल असायचाच. तो वाजायचाही. बहुतेक वेळा कुणाची तरी आई असायची, येताना कोथिंबीर आण म्हणून. मावशी प्रार्थना थांबवून, बोर्डावरच्या आवाजात "हॅलो, बोला" म्हणायच्या, आणि निरोप पोचवून पुन्हा डोळे मिटायच्या.

गेल्या हिवाळ्यात बोर्डावर बसल्या बसल्याच त्या गेल्या. सोबतची मुलगी सांगत होती, दुसरी रिंग झाली तरी त्यांनी फोन उचलला नाही, तेव्हाच तिच्या लक्षात आलं.

दफनभूमीत ऊन चढलं होतं. पाळकसाहेबांना पुढे एका लग्नाला पोचायचं होतं. त्यांनी सगळ्यांना मोबाइल बंद करायला सांगितले, शवपेटी खड्ड्याजवळ आणली गेली, प्रार्थना सुरू झाली. आणि एक मोबाइल वाजला, पूर्ण आवाजात. माना वळल्या. रूथचा होता. कपाळावरच्या व्रणापर्यंत लाल होत तिने तो उचलला.

"हॅलो, बोल… कुठे आहेस?" मग ती पाळकसाहेबांकडे वळली. "सॅमी आहे. आडगाव नाक्यावर अडकलाय. म्हणतोय, लय ट्रॅफिक हाय, पण मी येतोय."

मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "आता कुठवर थांबणार?" पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे का पाहिलं, कोण जाणे.

"थांबेल देव," मी म्हणालो.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. आम्ही उन्हात उभे राहिलो. मला डोळ्यांपुढे हायवेवरचे टेम्पो दिसत होते, त्यांच्यामधून बाइक काढणारा सॅमी दिसत होता. मावशी असत्या तर ओढणीची वात झाली असती. रूथने मोबाइल हातातच धरून ठेवला होता.

शेवटी फाटकाशी बाइक थांबली. सॅमी धापा टाकत आत आला आणि सवयीप्रमाणे सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. रूथ त्याच्याकडे गेली, त्याचा दंड धरून त्याला पुढे घेऊन आली. लोकांनी वाट दिली. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं, आणि वेळ आली तेव्हा पहिली मूठ माती त्यालाच टाकायला सांगितली.