इस्पिकचा जास्तीचा एक्का

२००० साली माझी पोस्टिंग देवळालीला झाली. मी लेफ्टनंट होते, वय तेवीस, दारूगोळ्याच्या शाखेत. तोफांचा सराव संपला की फायरिंग रेंजवर न फुटलेले गोळे शोधून जागच्या जागी उडवायचे, हे आमच्या तुकडीचं काम. अशा गोळ्याला ब्लाइंड म्हणतात. ब्लाइंडजवळ एका वेळी एकच माणूस जातो. काही झालंच, तर एकालाच व्हावं.

तो माणूस कोण, हे अधिकाऱ्याने ठरवायचं असतं. आमच्याकडे ते पत्ते ठरवत.

सकाळी सातला आम्ही रेंजवर पोचायचो. फायरिंग दुपारपर्यंत चाले. तोवर तंबूत पोकर. डावावर काडेपेटीच्या काड्या लावायच्या. ही पद्धत सायखेड्याच्या सुभेदार गांगुर्डे साहेबांनी पाडली होती. तंबूतून निघण्याआधीचा शेवटचा डाव जो जिंकेल, तो ब्लाइंडवर जाणार. "ज्याचं नशीब आज वर हाय, त्यानंच जावं," असं ते सांगत.

बाकीचे नियमही त्यांचेच. पत्ते पिवळ्या चिंधीत गुंडाळायचे. उजव्या हातानेच कापायचे. डाव चालू असताना काड्या मोजायच्या नाहीत. सुरगाण्याकडचा नाईक भोये यात आपली भर घाली. तो हेल्मेट उलटं ठेवून त्यात पाय घालून बसे.

मी फारसं बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तंबूतले विनोद मला जरा उशिरा कळत. त्यामुळे पाहायला वेळ मिळे.

तीन महिन्यांत मला एक गोष्ट दिसली. साहेब एरवी चारचौघांसारखे हरत. रेडिओवर ब्लाइंडचा निरोप आला, की शेवटचा डाव मात्र त्यांचाच. तो डाव वाटायचेही तेच. एकदा मी टाकून दिलेला इस्पिकचा एक्का दोन मिनिटांनी त्यांच्या हातात निघाला. मी काड्या त्यांच्याकडे सरकवल्या. कामात त्यांच्याइतका पक्का माणूस तुकडीत नव्हता.

जानेवारीतला मंगळवार होता. साहेबांना ताप होता. चहा घेताना कप बशीवर वाजत होता. १३२० वाजता रेडिओ बोलला : "अल्फा वन, एक ब्लाइंड. नाल्याच्या उतारावर, अर्धा जमिनीत. ओव्हर."

साहेबांनी शेवटचा डाव वाटला. आम्ही तिघंच होतो. भोयेने तीन दश्श्या टाकल्या आणि मांडीवर थाप मारली. "आज आपला नंबर, साहेब!"

"थांब. लय नाचू नको." साहेबांनी तीन एक्के मांडले. त्यात एक इस्पिकचा.

माझ्या हातातही इस्पिकचा एक्का होता. पत्ते पालथे टाकले असते, तर डाव साहेबांचा झाला असता आणि थरथरत्या हातांचा माणूस डिटोनेटर घेऊन निघाला असता. मी पत्ते उलगडले.

दोन सारखे एक्के समोरासमोर. भोयेने दोन्ही उचलून पाहिले. "साहेब, हे कसं?"

"छापणाऱ्याची चूक असंल," साहेब म्हणाले.

"डाव रद्द," मी म्हणाले. "मी जाते."

साहेब माझ्यामागे तंबूबाहेर आले. "मॅडम, भोयेची पोर आठ दिवसांची हाय. त्यानं अजून पाहिली नाय. म्हणून मी..."

"माहीत आहे."

"मग मलाच जाऊ द्या. तुम्ही पण माझ्या लेकीएवढ्या."

"साहेब, हात पुढे करा."

त्यांनी केला. मग स्वतःच पाहून खिशात घातला.

"तुम्ही कंट्रोलला, रेडिओवर," मी म्हणाले.

गोळा उताराला टेकलेला होता. मी त्याला न हलवता स्फोटकाचा चार्ज लावला. माझे हात स्थिर होते. यात नशिबाचा भाग नव्हता, सरावाचा होता.

"कंट्रोल, अल्फा वन. फ्यूज पेटवतेय. ओव्हर."

"चालत या, मॅडम. पळायचं नाय. ओव्हर." आवाज साहेबांचा होता.

मी चालत आले. १४०८ ला गोळा उडाला. साहेबांनी चहा मागवला आणि एवढंच म्हणाले, "मॅडमना पत्ते वाटू नका रे. लय बघतात."

त्या दिवसानंतर मी ब्लाइंडवर जाण्याच्या पाळ्यांचा रोस्टर लावला. पोकर चालूच राहिला, निव्वळ काड्यांसाठी. साहेब सपाटून हरू लागले.

दोन वर्षांनी तुकडी पश्चिम सीमेवर सुरुंग काढायला गेली. माझी तोवर बदली झाली होती. साहेब तिथे कामी आले. हे मला भोयेने सायखेड्यात, साहेबांच्या ओट्यावर बसून सांगितलं.

"त्या दिवशी रोस्टरवर माझं नाव होतं, मॅडम. साहेबांनी मला मागं ओढलं. म्हणाले, मी मनात डाव खेळलो आणि जिंकलो. मी म्हटलं, पत्ते कुठायत? तर म्हणाले, तुला दाखवायची गरज नाय."

फौज सोडून मला चार वर्षं झाली. साहेब गेले त्या तारखेला मी दरवर्षी सायखेड्याला जाते. भोये येतो, मुलीला घेऊन. साहेबांच्या पत्नी पिवळी चिंधी बाहेर आणून ठेवतात. मी उजव्या हाताने पत्ते कापते आणि तीन हात वाटते. आमचे दोन आम्ही उघडतो. तिसरा तसाच पालथा ठेवतो आणि सगळ्या काड्या त्याच्याकडे सरकवतो.