डाव्या टाचेची बाहेरची कड

एका मुलीच्या पायाने झिजलेला बूट दुसऱ्या मुलीच्या पायात घातला, तर तो बूट नव्या पायाला जुनी चाल शिकवतो का? या लेखात मी या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधणार आहे. प्रश्न मला पडला तो घरात जागा नव्हती म्हणून. तेव्हा आधी जागेविषयी सांगते.

आमचे घर कोपरखैरण्यात, चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढा बोळ. जिन्यात चपलांचे स्टँड ठेवू नयेत, अशी सोसायटीची सूचना तळमजल्यावर काचेच्या चौकटीत लावलेली आहे आणि ती पाळलीही जाते. त्यामुळे तीन माणसांची पादत्राणे घरातच ठेवावी लागतात. माझे पती तळोज्याच्या एका कारखान्यात काम करतात. त्यांचे लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट दाराशेजारची सगळी फरशी अडवतात. उरली ती दाराच्या पानाची मागची बाजू.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. गोष्टी जागच्या जागी असल्या की अर्धे काम झाले, असे मी मुलांना सांगते आणि घरीही तसेच वागते. जुन्या जाड पडद्याचे बारा खिसे शिवून मी ते दाराच्या मागे टांगले. तीन-तीन खिशांच्या चार ओळी. पहिल्या ओळीत रोजचे बूट. दुसऱ्या ओळीत कवायतीचे कॅनव्हासचे बूट आणि सॅंडल. तिसऱ्या ओळीत पुढे लागतील असे मोठ्या मापाचे. चौथ्या ओळीत लहान झालेले, कोणाला तरी द्यायचे. प्रत्येक बुटाच्या तळव्यावर खडूने नंबर. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीला आलेखाच्या कागदावर उभे करायचे, पेन्सिलने पावलाची कड आखायची आणि तो कागद कापून बुटात घालून पाहायचा. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाची जागा उरली नाही, की बूट चौथ्या ओळीत उतरवायचा. हे पाहून पती म्हणाले, "बुटांचीही हजेरी घेतेस का? कोणी गैरहजर असेल तर मलाही कळव." मी हसले, पण पद्धत बदलली नाही.

या घरात आम्ही भाड्याने राहायला येऊन तीन महिने झाले होते. खालच्या, दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात. त्या याच भागातल्या मूळ गावठाणातल्या. माझी सात वर्षांची मुलगी जिन्यातून येता-जाता त्यांच्या दारावरून जाई. एके दिवशी त्यांनी मला थांबवून कापडी पिशवी हातात दिली. आत मुलींच्या शाळेच्या काळ्या बुटांचे चार जोड होते, पट्टा आणि बक्कल असलेले. "घेऊन जा, टीचर. पडून हायेत," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या घरात मूल कधी दिसले नव्हते. असेल एखादी भाची, किंवा मुलगी मामाकडे शिकत असेल, असे मी गृहीत धरले. वर्गात मी मुलांना सांगत असते की कळले नाही तर विचारा. त्या दिवशी मी स्वतः विचारले नाही.

घरी वर्तमानपत्र पसरून मी बूट नंबरांप्रमाणे मांडले. अकरा, बारा, तेरा आणि त्यानंतर एक नंबर, कारण मुलांच्या मापात तेरानंतर पुन्हा एकपासून मोजतात. अकराचा जोड फार झिजलेला होता, बाराचा त्याहून कमी, तेराचा थोडासाच. एक नंबरचा जोड कोराच होता. आतल्या कागदाचा बोळाही काढलेला नव्हता. दुसरी गोष्ट अशी की झिजलेल्या तिन्ही जोडांत डाव्या बुटाच्या टाचेची बाहेरची कड घासलेली होती आणि पुढचे टोक खरवडलेले होते. या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आणि वहीत लिहूनही ठेवल्या. पहिलीवर शेरा मारला, 'शेवटचा जोड नवा, उत्तम'. दुसरीवर शेरा मारला, 'वापरण्यास हरकत नाही'. ते पान अजून वहीत आहे. मी ते फाडलेले नाही.

मुलीला बाराचा जोड बरोबर बसला. साधारण पाच आठवडे गेले. मुलगी माझ्याच शाळेत शिकते. एके दिवशी कवायतीच्या तासाला मुले रांगेत चालत असताना मी मैदानाच्या कडेला उभी होते. चाळीस मुलांच्या पावलांचा एकच आवाज यायला हवा होता. त्यात एक पाऊल मागे राहून घासत होते. मी रांगेवरून नजर फिरवली आणि ते पाऊल माझ्याच मुलीचे निघाले. उजवा पाय नीट पडत होता. डावा बाहेरच्या अंगाने वळून टोक घासत पुढे येत होता.

ती कोणाची तरी नक्कल करते आहे, असे वाटून मी घरी तिला रागावले. ती रडली नाही. थोडा वेळ स्वतःच्या पायाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मी मुद्दाम नाही करत, आई. तो पाय तसाच जातो." मी तिला अनवाणी चालायला लावले. फरशीवरही तो पाय तसाच गेला. हाडांच्या डॉक्टरांनी पाय, गुडघा, कंबर सगळे तपासले. काही दोष सापडत नाही, पंधरा दिवस लक्ष ठेवा, असे ते म्हणाले. बुटांविषयी त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

लक्ष ठेवताना आणखी एक गोष्ट दिसली. जिना चढताना ती दुसऱ्या मजल्याच्या चौकात, वहिनींच्या दारासमोर थांबे, वाके, डाव्या बुटाचा पट्टा घट्ट करी आणि मग पुढे निघे. रोज तिथेच. मी पट्टा तपासला. बक्कलचे भोक ओढून लांबट झालेले होते. तळमजल्यापासून तिथवरच्या पायऱ्या मोजल्या, तर तेवढ्या पायऱ्यांत पट्टा बरोबर सुटण्याइतका सैल होत होता. कारण सापडले म्हणून मला बरे वाटले. हे भोक आधी कोणाच्या पायाने लांबट केले आणि तो पाय कुठे थांबत असेल, हा प्रश्न तेव्हाही माझ्या मनात आला नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी शाळेतून परतताना मुलगी माझ्यापुढे पळाली. मी भाजीची पिशवी घेऊन एक मजला मागे होते. जिन्यात दुसरा आवाज नव्हता. टक, घस. टक, घस. मग चौकातली शांतता, बक्कलची बारीक किणकिण आणि पुन्हा टक, घस, वरच्या मजल्याकडे. मी चौकात पोहोचले तेव्हा वहिनींचे दार चार बोटे उघडे होते. फटीतून त्या दिसल्या. उंबऱ्याच्या आत पाटावर बसलेल्या, डोळे मिटलेले, हात मांडीवर. वरचा आवाज थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना दचकल्यासारखे झाले नाही. दचकले ती मीच.

"बसा टीचर," त्या म्हणाल्या. "यायची वेळ झाली म्हनून बसले होते."

कोणाची, असे मी विचारले. या वेळी विचारले.

त्यांची मुलगी होती. डावा पाय जन्मापासून अशक्त. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाने गेली, एक नंबरचा जोड आणला त्याच आठवड्यात. गेलेल्या माणसाची पादत्राणे घरात ठेवत नाहीत, हे त्यांना घरच्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले होते. बाहेर टाकायला त्यांचा हात होईना. मग वरच्या मजल्यावर त्याच वयाची मुलगी राहायला आली. हे सगळे त्यांनी सपाट आवाजात सांगितले, जणू त्या मला घरातली भांडी मोजून दाखवत होत्या.

"मी फसवलं नाय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुमी विचारलं नाय."

ते खरे होते. मी म्हणाले, "माझी मुलगी लंगडायला लागली आहे, वहिनी."

"लंगडत नव्हती ती," त्या म्हणाल्या, "तशी चालायची." आणि मी उठले तेव्हा माझ्या पिशवीला हात लावून म्हणाल्या, "अजून एवढा महिना राहू द्या. मंग काढा."

मी पिशवी उचलली. वर येऊन दार लावले आणि खिशांसमोर उभी राहिले. मला भीती वाटत होती, हे लिहिणे आवश्यक आहे. भीती वाटली की मी मोजायला बसते. मुलीची पाटी फरशीवर सपाट ठेवली, तिच्यावर बाराचा डावा बूट ठेवला आणि कंपासपेटीतला गुण्या मागून टाचेला टेकवून उभा केला. गुण्या सरळ उभा राहिला आणि बूट त्याच्यापासून बाहेरच्या बाजूला कलला. वरच्या कडेजवळ करंगळीचे टोक जाईल एवढे अंतर पडले. तेराचा जोडही कलला, थोडा कमी. आमच्याकडचा जुना, आमच्याच मुलीने झिजवलेला बूट मात्र गुण्याला चिकटून उभा राहिला. मग बाराच्या बुटात हात घातला. आतल्या तळव्यावर बोटांचे पाच खळगे होते. मुलीच्या पावलाचा कापलेला कागद आत सरकवला. तिच्या बोटांची टोके त्या खळग्यांच्या मागे राहिली. सात-आठ आठवडे बूट तिच्या पायात होता, पण खळगे तिचे नव्हते. तिचे पाऊल रोज दुसऱ्या पावलाच्या जागेत बसत होते.

म्हणजे प्रश्नाचे उत्तर मला मिळाले होते. झिजलेली कड पायाला कलवते, कललेला पाय टोक घासतो आणि सात वर्षांचा पाय ते लवकर शिकतो. यात भुताखेताचे काही नव्हते. तरी एका बाईने एक महिना मागितला होता आणि त्या महिन्याची किंमत माझ्या मुलीचा डावा पाय होती. मी दुसऱ्याच दिवशी नवे बूट आणले, बक्कल नसलेले, चिकटपट्टीचे. जुने चारही जोड पुसून पिशवीत भरले आणि खाली नेऊन दिले. वहिनींनी तक्रार केली नाही. पिशवीतून त्यांनी एक नंबरचा कोरा जोड काढला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"यात कोनाचा पाय गेला नाय," त्या म्हणाल्या. "हे ठेवा. मोठी झाली की घाला."

शिकलेली बाई म्हणून मला नाही म्हणायला कारण नव्हते. जी काही कारणे होती, ती त्यांच्यासमोर बोलून दाखवण्यासारखी नव्हती. तो जोड मी तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या खिशात ठेवला. मुलीची चाल तीन आठवड्यांत सरळ झाली, अनवाणीसुद्धा. चौकात ती थांबेनाशी झाली. वहिनींचे दार बंद राहू लागले. जाता-येता मला ते बंद दार दिसे आणि मी पावलांचा आवाज न करता पुढे जाई. दर रविवारी खिसे झटकताना त्या जोडावरून मी फडके फिरवत असे, पण बूट बाहेर काढत नसे.

यंदा जूनमध्ये कागद आखला तेव्हा मुलीचे माप एक नंबरचे भरले. मी जोड काढला, पाटीवर ठेवला, गुण्या लावला. दोन्ही टाचा सरळ. आत हात घातला. तळवा सपाट, एकही खळगा नाही. बक्कलची भोके गोल आणि घट्ट. ते बूट न घालण्याचे एकही कारण माझ्या पद्धतीत बसत नव्हते. ती ते घालून शाळेत गेली. दुपारी मी मुद्दाम एक मजला मागे राहिले. टक, टक, टक, टक. दोन्ही पाय सारखे. मी श्वास सोडला.

मग दुसऱ्या मजल्याच्या चौकात आवाज थांबला.

मी वर आले. ती वाकली होती. दोन बोटांनी डाव्या बुटाचा पट्टा चाचपत होती. मधल्या जवळजवळ सव्वा वर्षात ती तिथे एकदाही थांबली नव्हती. मी पट्ट्याखाली बोट घालून पाहिले, बोट जाईना इतका तो घट्ट होता. का थांबलीस, असे मी विचारले. तिला प्रश्नाचेच नवल वाटले. "इथे थांबतात ना," ती म्हणाली आणि दोन्ही पाय सारखे टाकत वर गेली. तिच्यामागे ते दार चार बोटे उघडे होते. आत पाट मांडलेला होता.

जुनी सवय परत आली असेल, असे पती म्हणतात. बक्कल दिसले आणि हाताला आठवले. ते शक्य आहे. शिक्षिका म्हणून मलाही हेच स्पष्टीकरण पटते. मात्र झिजलेल्या बुटाविषयीचे माझे उत्तर कोऱ्या बुटाला लागू पडत नाही, हेही मला नोंदवले पाहिजे. मी ते बूट काढलेले नाहीत. दर रविवारी पाटी आणि गुण्या घेऊन बसते. परवाच्या रविवारपर्यंत डाव्या टाचेची बाहेरची कड सरळ आहे. ज्या रविवारी ती तशी नसेल, त्या दिवशी बूट निघतील, मग खाली कोणीही पाटावर बसलेले असो.

माझे निरीक्षण एका घरातले, एका मुलीचे आहे. त्यावरून नियम सांगणे योग्य नाही. तुमच्या घरातले मुलांचे बूट सपाट पाटीवर ठेवा, मागून नजर टाचेच्या पातळीला आणून पाहा. आत हात घाला आणि खळगे कोणाच्या बोटांचे आहेत ते कागद आखून ताडून पाहा. मग एके दुपारी जिन्यात एक मजला मागे राहा आणि ऐका. माझ्यावर विश्वास ठेवू नका, कृपया स्वतः तपासून पाहा.