पडद्यावरची नोरीन

चेलो बारागान तुरुंगात गेली ती गाडी चालवल्याबद्दल. नवरा म्हणाला, "औषधाच्या दुकानासमोर थांब, इंजिन बंद करू नकोस." तिने बंद केलं नाही. तो पिस्तूल घेऊन आत गेला हे तिला माहीत होतं की नव्हतं, यावर कोर्टात बराच खल झाला. खरं काय ते तिने वकिलालाही सांगितलं नाही. सात वर्षांची शिक्षा लागली. दोन्ही मुलं तिच्या आईकडे गेली, कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात, बदामाच्या बागांमध्ये. नवऱ्याला तिच्याहून जास्त लागली, आणि त्याच्याबद्दल पुढे सांगण्यासारखं काही नाही.

तुरुंगात दुसऱ्या वर्षी तिला विचारलं गेलं, वणवा विझवायच्या टोळीत जाणार का? जेलरीणबाई प्रत्येकीला तेच वाक्य ऐकवायची, "कोणी जबरदस्ती करत नाही हं. स्वखुशीचा मामला आहे." इकडे आड आणि तिकडे विहीर असली तर माणूस स्वखुशीनेच उडी मारतो. आत चार भिंती, रोजची मारामारी, आणि मुलांची भेट काचेआडून. डोंगरातल्या छावणीत पाइनची झाडं, उघडं आभाळ, आणि रविवारी मुलं बाकावर शेजारी बसून जेवू शकत. शिवाय शिक्षेतले दिवस कापले जात. चेलोने सही केली.

नारिंगी कपडे घालून बायका एकामागे एक डोंगर चढायच्या आणि आगीच्या वाटेतलं सगळं तोडून खालची माती उघडी करायच्या. जाळायला काही उरलंच नाही तर आग थांबते. त्या उघड्या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. चेलो सगळ्यांच्या पुढे, चेनसॉ म्हणजे मशीनची करवत घेऊन. तिच्या मागे नोरीन व्हिटसेट. चेलोने कापायचं, नोरीनने ओढून दरीत भिरकवायचं. नोरीन त्याच डोंगरातल्या कॉर्डेरो गावची, नशेपायी खोटे चेक वटवून आत आलेली. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

"चेलो, तुझ्या मशीनपेक्षा तुझं घोरणं मोठं."

"मग दुसरी जोडीदारीण बघ."

"बघितल्या ना. सगळ्या तुझ्याहून आळशी. तू निदान घोरताना तरी मेहनत घेतेस."

गावागावांत लोकांनी फलक लावलेले असत, 'शूरवीरांनो, तुमचे आभार.' टोळीची गाडी जवळ आली आणि नारिंगी कपडे दिसले की आया पोरांना आत ओढत. नोरीन मग खिडकीतून राणीसारखा हात हलवायची. "घाबरू नका गं, फक्त चेक चोरते मी!"

ती गेली ऑगस्टमध्ये, भर दुपारी. मुळं आतून जळालेलं एक पाइन, वरून हिरवंगार, आवाज न करता कलंडलं. चेलो पुढे होती, वाचली. नोरीन कमरेपासून खाली खोडाखाली सापडली. शुद्धीत होती. चेलोने खोड कापायला घेतलं. अर्ध्यात करवत अडकली ती निघेना. खालून आग चढत होती. अग्निशमन दलाचा कॅप्टन ड्रूरी ओरडत होता, सगळ्यांनी मागे फिरा. नोरीनने चेलोची बाही धरली.

"मला सोडून जाऊ नकोस. त्यांना सांग ना, माझे चारच महिने राहिलेत. चारच."

जणू आगीलाही शिक्षेचा हिशोब कळतो. कॅप्टनने चेलोला कॉलर धरून फरफटत नेलं. पाणी टाकणारं हेलिकॉप्टर आलं तेव्हा तिथे विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात होतं, 'वणव्यात एक कैदी मृत.'

सुटल्यावर चेलो आधी मुलांकडे गेली. थोरला तिच्याहून उंच झाला होता आणि तिला 'तुम्ही' म्हणत होता. तिथे चार दिवस पाहुण्यासारखे काढून ती कॉर्डेरोला गेली, नोरीनच्या आईला भेटायला. ओपल व्हिटसेट सत्तरीची, चर्चमध्ये बाजा वाजवणारी, एकटी. तिने नोरीनसाठी खोली पिवळी रंगवून ठेवली होती. चार महिन्यांनी लेक येणार म्हणून रंगवलेली, ती तशीच होती. चेलोने ती खोली पाहिली आणि म्हणाली, "मावशी, झाड पडलं आणि त्याच क्षणी गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही."

ओपलने तिचा हात घेऊन गालाला लावला. "देवाने तेवढी तरी दया केली."

मग चेलो त्याच गावात राहिली. दर रविवारी ओपलमावशीकडे जेवायला, मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ. अग्निशमन दलात नोकरी मागायला गेली तर टेबलापलीकडे कॅप्टन ड्रूरीच. त्याने उठून हात मिळवला, कॉफी दिली, आणि म्हणाला, "तुझ्यासारखी करवत चालवणारी मी दुसरी पाहिली नाही. पण गुन्हा नावावर असला की घेता येत नाही. नियम माझ्या हातात नाहीत, चेलो."

"त्या दिवशी माझी कॉलर होती की तुमच्या हातात."

तिने कॉफी संपवली आणि टायरच्या दुकानात कामाला लागली.

पुढच्या वर्षी सिनेमावाले आले. खाली खोऱ्यातला एक बंद पडलेला तुरुंग त्यांनी भाड्याने घेतला होता. गोष्ट अशी की सरकारने अचाट शक्तीचे खलनायक कोंडून ठेवलेत. अवघड कामगिरी आली की त्यांना विष टोचून पाठवायचं. जिवंत परतले तर उतारा आणि शिक्षेत सूट, मेले तर कोणी विचारणार नाही. मागे उभे राहायला त्यांना खरे, आत जाऊन आलेले चेहरे हवे होते. चेलोने गोष्ट ऐकली आणि हसत सुटली. "आणि लोक हे मजा म्हणून बघतात?"

पण गेली. पहिल्याच दिवशी सिनेमावाल्यांपैकी एक पोरगेलीशी बाई तिला म्हणाली, "जरा खुनशी बघा ना."

"मी टायर बदलते, बाई."

"हो, पण समजा तुम्ही कोणाचा तरी जीव घेतलाय."

"समजा कशाला? तुमचाच घेते," चेलो म्हणाली, आणि ती बाई खूश झाली, "हेच! असंच बघा!"

ही पूर्वी वणवे विझवायची हे कळल्यावर तिला नायिकेला शिकवायला बसवलं. लोर्ना केसलर नावाची ती नटी 'ठिणगी' झाली होती, हातातून आग काढणारी खलनायिका. मुलगी चांगली होती. तळहाताला फोड येईपर्यंत कुदळ मारली. जेवताना सगळ्यांना सोडून चेलोच्या शेजारी जमिनीवर बसायची. एका दुपारी तिने विचारलं, "भीती वाटायची का गं?" इतक्या वर्षांत असं साधं कोणी विचारलं नव्हतं. चेलो सांगत गेली. पाइन, अडकलेली करवत, बाहीवरचा हात, ते चार महिने. लोर्नाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पलीकडच्या खुर्चीत दिग्दर्शक टॉबिन काळा चष्मा लावून पडला होता. झोपलाय असंच वाटत होतं. आठवड्याभरात चेलोचं काम संपलं आणि ती दुकानात परतली.

सिनेमा लागला तेव्हा तिनेच ओपलमावशीला आग्रह केला. "माझं तोंड दिसणार आहे, मावशी. एवढंसंच, पण दिसणार." ओपलने चर्चची निळी टोपी घातली. दुपारचा खेळ, थिएटर पोरांनी भरलेलं. चेलो पडद्यावर आली तेव्हा म्हातारीने तिला कोपराने ढोसलं, "बाई गं, काय भयंकर दिसतेस!" दोघी तोंड दाबून हसल्या.

मग जंगल पेटलं. एक पाइन आवाज न करता कलंडलं. ठिणगी कमरेपासून खाली त्याखाली सापडली. तिच्या सोबत्याची करवत खोडात अडकली. संगीत चढत गेलं, आणि लोर्नाने त्याची बाही धरली.

"मला सोडून जाऊ नकोस. माझे चारच महिने राहिलेत."

उठावं, म्हातारीला बाहेर न्यावं, चेलोला काहीच सुचेना. ओपल पडद्याकडेच बघत होती. बऱ्याच वेळाने तिने मान वळवली.

"चार महिने," ती म्हणाली. "हे तू सांगितलंस त्यांना."

"मावशी..."

"म्हणजे असं झालं होतं?"

मागून कोणीतरी "श्श" केलं. चेलोला खोटं बोलता आलं नाही आणि खरं बोलायला तोंडही उघडेना. ओपलला तेवढं पुरलं. ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि शेवटपर्यंत ताठ बसून राहिली.

सिनेमा संपून नावं सरकू लागली तरी पोरं उठेनात. त्यांना माहीत होतं, अजून काहीतरी बाकी आहे. आलंच. काळ्या राखेत एक बोट हललं. ठिणगीने डोळे उघडले. सगळं थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं.

बाहेर उन्हात, गाड्यांच्या रांगेत, ओपलमावशी टोपी सारखी करत म्हणाली, "त्यांची उठली."

चेलो रडत होती. "मला माहीत नव्हतं, देवाशपथ. मी फक्त त्या मुलीला सांगितलं होतं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"माझ्याशी खोटं बोललीस," ओपल म्हणाली, आवाज न चढवता, "आणि त्या नटीला खरं सांगितलंस. मी तिची आई. मला खोटं आणि तिला खरं."

पुढच्या रविवारी ओपलने दार उघडलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

चेलोने सिनेमाच्या कंपनीला फोन केला. आज हा नाही, उद्या तो नाही, असं करत एका गोड आवाजाच्या वकिलाशी गाठ पडली. तो म्हणाला, झाडाखाली सापडून पुष्कळ माणसं मरतात, ही घटना कोणा एकाच्या मालकीची नाही. "सिनेमात तिचं नाव तरी घाला," चेलो म्हणाली. "कोणाचं?" त्याने विचारलं. लोर्नाने फुलं पाठवली, भलामोठा गुच्छ. चेलोने तो दुकानात टायरवर ठेवला आणि मालकाने बायकोला नेला.

हिवाळा गेला. मार्चमध्ये ओपलमावशीचा स्वतःहून फोन आला. "ये. आणि सगळं सांग. काही गाळू नकोस."

चेलो गेली. म्हातारी मागच्या अंगणात मांडीवर परात घेऊन वाटाणे सोलत होती. चेलोने उभ्यानेच सांगितलं. झाड कसं आलं, नोरीन आधी कशी हसली, कारण तिला वाटलं नुसती फांदीच पडली. करवत कुठे अडकली. नोरीनने किती शिव्या दिल्या, कोणाला दिल्या. बाही. कॅप्टन. आपण किती लांबपर्यंत तिचा आवाज ऐकत होतो, तेही सांगितलं. ते तिने लोर्नालाही सांगितलं नव्हतं. ओपलचे हात मध्ये एकदाच थांबले, मग पुन्हा शेंगा फुटू लागल्या.

"आईला हाक मारली?"

"नाही, मावशी."

"बरं," ओपल म्हणाली. "मारली असं म्हणाली असतीस तर मी विश्वास ठेवला नसता."

तिने कॉफी केली. दोघींनी ती प्यायली. फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने चेलोच्या जॅकेटचं वरचं बटण लावून दिलं, लहान मुलाचं लावावं तसं.

"तू वाईट बाई नाहीस, चेलो. पण आता येऊ नकोस. तुला पाहिलं की मला ते झाड दिसतं."

चेलो पुन्हा गेली नाही. टायरचं दुकान सोडून ती आता एका ठेकेदाराकडे आहे. डोंगरावर ज्यांचे मोठे बंगले आहेत, त्यांच्या कुंपणाभोवतीचं गवत आणि झुडपं कापायची, म्हणजे आग आली तरी घराला लागू नये. करवत तीच चालवते. तिने कापलेलं ओढायला ठेकेदाराने एक यंत्र दिलंय.