उशिरा आलेले फोटो

अंबरपेठेची सुमेधा आबिड्सच्या ऑफिसात जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो बघून जनावरं मोजायची. ते फोटो महिन्यातून एकदाच यायचे. एकदा तिला अस्वलाची मादी दिसली. पाठीवर पिल्लू, गळ्यात शिकाऱ्याच्या तारेचा फास रुतलेला. तिनं लगेच तिथल्या वनरक्षकाला फोन लावला.

"फोटो पिछले महिने का है, अम्मा," तो हळहळला, "अब कहाँ ढूँढूँ?"

तरी त्यानं रान पालथं घातलं. ती सापडली नाही. पुढच्या महिन्याच्या फोटोंत तिची नुसती हाडं उरली होती, पण चालत होती. सुमेधानं पुन्हा फोन केला, पुन्हा शोध झाला. त्यानंतरच्या फोटोंत पिल्लू एकटंच होतं.

"आज काय दिसलं गं?" त्या रात्री जेवताना आईनं विचारलं.

"एक अस्वल," सुमेधा म्हणाली.