एकतीस मिलिमीटर

कोरड्या मुलखातल्या रियाशू फुंदू गावच्या माणसांनी पेरणी कधी करायची, हे वीस वर्षं एवारिस्तु सांगत आला होता. त्याच्या काही वर्षं आधी घायपाताच्या पानांतून वाख, म्हणजे दोरांचा धागा, काढणाऱ्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, जड काम सुटलं, आणि त्याच सुमाराला हवामान खात्याचा माणूस त्याच्या परसात पर्जन्यमापक रोवून गेला. तेव्हापासून रोज सकाळी सातला तो नरसाळं काढायचा, आतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचा, नळी डोळ्यांसमोर धरायचा आणि आकडा वहीत लिहायचा. वर्षाचे तीनशे दिवस शून्यच असायचं, पण तेही तो न चुकता लिहायचा.

गावातले बाकीचे मुंग्यांची वारुळं बघत, निवडुंग कधी फुलतो ते बघत. एवारिस्तु आपल्या वह्या बघायचा. त्यातूनच त्याने नियम काढला होता: एका पावसात तीस मिलिमीटर पडल्याशिवाय दाणा मातीत टाकायचा नाही. लोकांनी दोन-तीनदा हात पोळून घेतले आणि मग ऐकायला लागले.

त्या वर्षी अर्धा मार्च सरला तरी तीस काही पडेना. कधी सहा, कधी अकरा. रोज सकाळी कुंपणापाशी माणसं उभी असायची.

"सेऊ एवारिस्तु, नळी जरा तिरकी धरून बघा की," शेजारची दोना ब्रीजिदा म्हणायची. "तिरकी धरली की जास्त दिसतं म्हणतात."

"त्याने मका उगवणार असता, तर मी आडवीच धरली असती."

मग एका मंगळवारी पहाटे पाऊस झाला. कौलांवर बराच वेळ वाजत होता. सातला एवारिस्तुने नळी उचलली. एकतीस. त्याने डोळे पुसून पुन्हा बघितलं. एकतीसच. आकडा ऐकताच कुंपणापाशची सगळी माणसं गावाच्या बीघराकडे चालायला लागली. घराघराने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली चवळी आणि मका तिथे मेणाने तोंड बंद केलेल्या बाटल्यांत असे. संध्याकाळपर्यंत निम्म्या बाटल्या रिकाम्या झाल्या.

नवव्या दिवशी चवळीच्या रोपांनी माना टाकल्या. एवारिस्तुने कुदळीने वीतभर खणलं. एकतीस पडल्यावर वीतभर खाली ओल असायलाच हवी होती. वर चार बोटं मातीला ओलीचा जेमतेम रंग होता, त्याखाली भुरभुर पीठ. त्याने दुसरीकडे खणलं, तिसरीकडे खणलं. सगळीकडे पीठ.

तो घरी आला, नळी खिडकीशी नेली आणि तडा शोधू लागला. मग नरसाळ्याचं तोंड मोजायला घेतलं. त्याची बायको झुल्मीरा चुलीवर मक्याचा रवा वाफवत होती.

"नळीला काही झालेलं नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "पाणी मी घातलं."

त्याला वाटलं, ती चुलीवरच्या भांड्याबद्दल बोलते आहे. "कशात?"

"मापकात. त्या मंगळवारी, तू उठायच्या आधी. बाटलीभर."

एवारिस्तुने नळी हळूच पेटीत ठेवली. तो उभा राहिला आणि कशासाठी उठलो हे न कळून परत बसला.

"का?" त्याने विचारलं.

"टाकीवर पाण्याला गेले की बायका म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याने पाऊस काचेत कोंडून ठेवलाय. तू जेवेनासा झाला होतास. ढग भरलेले होते रे. वाटलं, दोन दिवसांत खरा पडेलच. आपलं जरा आधी पेरून होईल, एवढंच."

"याआधी कधी?"

झुल्मीराने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तू तापाने पडला होतास, तो आठवडा मीच बघत होते. तुझ्यापाशी बसून दोन दिवस मापक बघायला जमलं नाही. अंदाजाने लिहिलं."

"कोणते दोन?"

"तेवीस वर्षं झाली, एवारिस्तु. कसं आठवणार?"

त्याने ती वही काढली. झुल्मीराच्या गोल अक्षरात सात आकडे होते. तीसचा नियम त्याने ज्या पानांवरून काढला, त्यांतलंच हे एक पान. बीघरात उभं राहून त्याने हेच पान कितीदा लोकांना दाखवलं होतं. तो त्या सात आकड्यांकडे बघतच राहिला. एकही आकडा खोटा दिसत नव्हता.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर तो बीघरात जमलेल्या लोकांसमोर उभा राहिला. "तो आकडा खोटा होता," तो म्हणाला. "वाचला मी, सांगितला मी. माती बोटाने तपासली असती तर कळलं असतं. तपासली नाही."

मागून झुल्मीरा उठली. "पाणी मी घातलं. त्याला माहीत नव्हतं."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं, असं एवारिस्तुला झालं. सगळी माणसं त्या दोघांकडे अनोळखी पाहुण्यांकडे बघावं तशी बघत राहिली. ब्रीजिदा अगदी हळू बोलली.

"माझ्या आजीची चवळी होती ती. लाल डोळ्याची. मी सगळी पेरली. एक दाणा मागे ठेवला नाही."

पुढच्याच आठवड्यात गावात कापलेल्या बाटल्यांचे मापक सात ठिकाणी लागले आणि सकाळी सातला आकडे या कुंपणावरून त्या कुंपणावर ऐकू जाऊ लागले. एप्रिलच्या आठ तारखेला अडतीस पडला. यावेळी प्रत्येकाने आधी वीतभर खणलं, आणि मगच उरलेल्या बाटल्यांतलं बियाणं पेरलं. पीक निम्मं आलं. एवारिस्तुने वहीत एकतीसवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "माहीत नाही."

लाल डोळ्याच्या चवळीसाठी तो आणि झुल्मीरा दर शनिवारी बसने वेगवेगळ्या गावांच्या बाजाराला जातात. पोत्यांपाशी वाकतात, मूठभर दाणे उचलून उन्हात धरतात. काळ्या डोळ्याची चवळी मिळते, तपकिरीही मिळते. लाल अजून कुठे दिसलेली नाही.