मामांचा डावा डोळा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून जेवढे डोळे असतील, माणसांचे, बकऱ्यांचे आणि बाजारातल्या माशांचेसुद्धा, त्या सगळ्यांची काळजी देवाने आमच्या मामासासऱ्यांवर सोपवली आहे, अशी लग्नानंतर आठवडाभरातच माझी खात्री पटली. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. नवी सून बघायला म्हणून जेवायला आले, कालवणातलं माशाचं डोकं मागून घेतलं, डोळ्यातला पांढरा मणी ताटाच्या कडेला ठेवला आणि मला पहिला प्रश्न विचारला, "ह्यो मनी कच्च्या माशात कसा असतो, सांग बरा." मी माहेरच्या माणसांची नावं सांगायच्या तयारीत होते. म्हटलं, पांढराच असेल. सून जरा पारखून आणायला हवी होती, अशा नजरेने मामांनी बहिणीकडे पाहिलं. मग मागच्या दारी टाकलेल्या डोक्यातून कच्चा मणी काढून, धुऊन वर्तमानपत्रावर ठेवला. तो काचेसारखा स्वच्छ होता आणि त्याच्याखालचं अक्षर मोठं दिसत होतं. "प्रोटीन तीच," मामा म्हणाले, "चुलीवर गेली का एकमेकांना चिकटतात, मंग उजेड आडतो." त्या दिवसापासून मला मासा साधेपणाने खाता आलेला नाही.

मामा जन्मभर आसनगावहून जाऊन-येऊन कल्याणच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई होते. तिथल्या एक बाई डोळ्यातल्या भिंगावर काम करायच्या. खाटकाकडून बकऱ्यांचे डोळे आणायचे मामांनी, आणि नळ्या धुता धुता बाईंचं शिकवणंही ऐकायचं मामांनीच. विद्यार्थी पास झाले आणि विसरले. मामा विसरले नाहीत. निवृत्त होऊन सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावी, बहिणीच्या शेजारी राहायला आल्यावर ऐकणारं कुणी मिळेना, तेव्हा एसटीत शेजारी बसणारा मुरबाड येईपर्यंत ऐकायचा. भिंगातली पेशी आपलं केंद्रकसुद्धा टाकून देते म्हणे. "घरातला सामान सगला बाहेर काडला, तवा कुठं उजेड आरपार जातो." पण सामान टाकलं की नवं प्रोटीन करायची सोयही जाते, जे आहे तेच जन्मभर पुरवायचं. त्यातलं एक प्रोटीन बाकीच्या दमलेल्यांना सावरत असतं, ते मामांचं लाडकं. "तुझ्या सासूसारखा. लग्नात कोन रुसला का ही धावली." हे कौतुक की टोमणा, हे सासूबाईंना अजून ठरवता आलेलं नाही.

धसईच्या बाजारात मामांना दाखवल्याशिवाय आमच्या गावातलं कुणी मासळी घेत नसे. ताज्या माशाचा डोळा लख्ख, शिळ्याचा धुरकट, हे कुणालाही कळतं. पण मामा मासा उजेडाला धरून, मान तिरकी करून निकाल देत. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी सलग तीन बाजार सगळीच मासळी शिळी ठरवली. गाव तीन आठवडे वालाच्या आमटीवर राहिलं. चौथ्या बाजाराला मी पिशवी घेऊन त्यांच्यासोबत होते. मासळीवाली उठली, तिने मान तिरकी करून मामांच्याच डोळ्यांत पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मामा, मासली सकालची हाय. डोला तुमचा शिला झालाय."

सगळा बाजार हसला. मामा हसले नाहीत.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. मामांनी आधी लावणी पुढे केली, मग पंचांग, मग एसटीचा टाइम. एके दिवशी आमचीच पायरी चुकून पडले, तेव्हा मात्र मी भडकले. म्हटलं, "जगाला डोळा शिकवलात आणि स्वतः आंधळे होऊन बसणार का?"

मामा गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "भिंगाचा पार मदला दाना मी आयच्या पोटात असताना झाला. तो जन्मभर बदलत नाय. बाकी सगला आंग मी भात-नाचनी खाऊन नवा केला. मी जन्मल्यावर बाराव्या दिशी आय गेली. तिचा फोटू नाय, लुगडा नाय. तिच्या हातचा तेवडाच हाय गो माज्याकडं."

आईमागे त्यांना वाढवलं ते सासूबाईंनी. त्या आतून आल्या आणि भावासमोर बसल्या. "आय गेली रे," त्या म्हणाल्या. "मी हाय अजून. माजा तोंड दिसतो का तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा धुतलेला सदरा घालून ओट्यावर तयार बसले होते.

काढलेलं भिंग बाटलीत घालून द्या, एवढंच त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आजोबा, आता ते आतल्या आत फोडून ओढून घेतो, हाती काही उरत नाही. मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग उजवाच करा."

डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, उपयोग झाला नाही. आता उजव्या डोळ्याने ते मासळी पारखतात, आणि बहीण किती म्हातारी झाली म्हणून तिला चिडवतात. संध्याकाळी मात्र ओट्यावर सिद्धगडाकडे तोंड करून बसतात आणि उजवा डोळा तळहाताने झाकून घेतात. परवा मी न राहवून विचारलं, डाव्याने काय दिसतं?

"गड नाय दिसत गो," मामा म्हणाले. "नुसता उजेड दिसतो."

मी चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि हाक न मारता आत आले.