पापुद्राबाई आणि गाठीभोवतीची वस्ती

इस्पितळाच्या तपासणी विभागात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, तो ठोकळा बर्फावर गार करायचा आणि यंत्राच्या पात्यावर त्याचे इतके पातळ काप काढायचे की फुंकरीने उडून जावेत, हे त्यांचं काम. म्हणून त्या पापुद्राबाई. काप निघत असताना त्या श्वास रोखून धरत, आणि तेवढ्यात शेजारी कोणी शिंकलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

हात कसबी, पण जिभेला चौकशीचं व्यसन. काचपट्टीवर रंग चढला की डॉक्टरांकडे पाठवण्याआधी बाई स्वतः भिंगातून डोकावणार. हे जांभळं का? ते गुलाबी कशाने? उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांची पाठ सोडायच्या नाहीत. त्यांना येताना पाहून एक डॉक्टर तर चक्क फोन कानाला लावायचे, पलीकडे कोणी नसलं तरी.

एका गोष्टीबद्दल मात्र बाईंनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. गाठीभोवती बऱ्याचदा पांढरट, चिवट पट्टा असतो. पातं त्यात अडकतं, काप फाटतो. विभागाचे जुने मोठे डॉक्टर म्हणायचे, "मला गाठ दाखवा, कडेचा कचरा नको." त्यांनी हव्या त्या भागावर खूण करून ठेवली की बाई उरलेला पट्टा छाटून टाकत आणि मगच तुकडा मेणात बसवत. मोठे डॉक्टर निवृत्त झाले, पण छाटणी राहिली. बाईंचे ठोकळे एवढे देखणे की नव्या माणसांना नमुना म्हणून दाखवले जात. यात विचारण्यासारखं काय होतं?

गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या छातीतली गाठ काढली. ताईने जन्मभर बस चालवली होती. आवाज हॉर्नला लाजवणारा, आणि भीड हा शब्द तिला ठाऊक नव्हता. तिचा तुकडा बाईंनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. जीव ओतून छाटला. कडेचा एक धागा राहू दिला नाही.

काही महिन्यांनी गाठ काखेजवळ पुन्हा आली. औषधं झाली, केस गेले, तोंडाची चव गेली, गाठ जागची हलेना. तेव्हा ताईने जाहीर करून टाकलं, "आता सुई नको आणि सलाईनही नको. माझ्या अंगानेच हात टेकलेत, तुम्ही कशाला मरमर करता?" बाईंनी समजावलं, रडून पाहिलं, दोन दिवस अबोला धरला. ताई बधली नाही.

आणि अशात एका सकाळी ताईची डॉक्टरीण जिना उतरून थेट बाईंच्या टेबलापाशी आली.

"एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. ताईंना त्यात घेता येईल का बघतेय. त्यांच्या जुन्या ठोकळ्यातला कडेचा भाग लागेल."

"कडेचा?" बाईंचे कान टवकारले. "कडेला काय असतं बघण्यासारखं?"

"गाठ कधी एकटी नसते, बाई. भोवती तिची वस्ती असते. चिवट तंतू, रक्तवाहिन्या, रोगाशी लढणाऱ्या शरीराच्या पेशी. कधी कधी ती वस्तीच गाठीला पोसते, कोणाला आत शिरू देत नाही. हे औषध गाठीवर नाही, त्या वस्तीवर चालावं अशी कल्पना आहे. पण लढणाऱ्या पेशी निदान कडेपर्यंत पोचलेल्या हव्यात. आल्याच नसतील तर ताईंना यात घेता येणार नाही."

एरवी बाईंनी दहा प्रश्न विचारले असते. आज त्यांनी हातातला ठोकळा खाली ठेवला.

"ते मी छाटलं," त्या म्हणाल्या.

"तशी पद्धतच होती ना इथली?"

"होती. पण सगळ्या जगाला 'हे का, ते का' विचारत असते मी. हेच तेवढं नाही विचारलं."

तरी त्यांनी ठोकळा पुन्हा पात्याला लावला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उरलेले तुकडे ठेवलेली बरणी नियमाप्रमाणे केव्हाच रिकामी झाली होती. आता एकच वाट होती, काखेजवळच्या गाठीच्या कडेला सुई घालून नवा तुकडा काढायचा. आणि ते ताईला सांगायचं.

ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. बाईंनी आडवळण घेतलं नाही. छाटणीपासून सगळं सांगितलं.

"म्हणजे तू मला नीटनेटकं केलंस," ताई म्हणाली.

"हो."

"आणि आता परत टोचून घे म्हणून सांगायला आलीस."

"हो."

"त्या पेशी दिसल्या तर मी बरी होईन?"

"ते कोणालाच माहीत नाही गं. अजून तपासतायत."

ताईने खिडकीतून खालच्या रस्त्यावर नजर टाकली. मग म्हणाली, "होईन म्हणाली असतीस तर हाकलून दिलं असतं तुला. घेते टोचून. पण एक अट. तू आधी डोकवायचं नाहीस. माझं आहे, मी बघणार."

नवा तुकडा आला तेव्हा बाईंनी तो न छाटता मेणात बसवला. पहिला काप पांढऱ्या पट्ट्यात अडकून फाटला. दुसराही फाटला. बाईंनी कोणाच्या पिढ्या काढल्या नाहीत. ठोकळा पुन्हा बर्फावर ठेवला, नवं पातं लावलं आणि चाक अगदी सावकाश फिरवलं. या खेपेला काप कडेसकट अखंड निघाला.

डॉक्टरिणीच्या खोलीत दोघांना एकदम बघता येईल असं भिंग होतं. एकीकडे ताई बसली, दुसरीकडे डॉक्टरीण. बाई अटीप्रमाणे दाराशी हात बांधून उभ्या राहिल्या. आयुष्यात एवढी शिक्षा त्यांना कोणी केली नव्हती.

"नुसता गुलाबी दोऱ्यांचा गुंता दिसतोय," ताई म्हणाली. "पलीकडे ते मोठं, वेडंवाकडं, ती गाठ?"

"हो, ती गाठ."

"मग अलीकडे हे बारीक जांभळे ठिपके कसले? थवेच्या थवे आहेत."

डॉक्टरिणीने काचपट्टी जराशी सरकवली, पुन्हा सरकवली. दाराशी बाईंनी टाचा उंचावल्या.

"त्याच त्या लढणाऱ्या पेशी," डॉक्टरीण म्हणाली. "तुमच्याच आहेत. गाठीपर्यंत आल्यात, दोऱ्यांपाशी अडकून राहिल्यात. आणखी एक-दोन तपासण्या कराव्या लागतील, पण तुम्हाला चाचणीत घेता येईल असं दिसतंय."

बाईंनी डोळे मिटून घेतले. ताईने मात्र भिंगावरून डोळा काढला नाही.

"कधीपासून उभ्या आहेत या पेशी?" तिने विचारलं.

"नक्की सांगता येणार नाही. पण एका दिवसात इतक्या जमत नाहीत."

ताईचा तो हॉर्नसारखा आवाज एकदम बसला. "मला वाटत होतं, माझ्या बाजूने कोणी उठलंच नाही," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. केस गेले तेव्हा न रडलेली ताई खांदे हलवून रडली.

अटबिट विसरून बाई धावल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, त्यांनाही हुंदका आवरेना. ताईने बाहीने डोळे खसाखसा पुसले, बहिणीला कोपराने बाजूला सारलं आणि पुन्हा भिंगाशी वाकली.

"सरक गं," ती म्हणाली, "मला अजून बघायचंय."